भिंतीच्या आधी आलेला ऑर्गन

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुने इलेक्ट्रिक ऑर्गन कापून लहान करणे, गल्लीत ‘करवतकाका’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण विचाराने आणि घरात दुसरे कोणी नसताना लिहीत आहे. माझे गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाला वरचे सूर पोहोचत नाहीत, बाकी यंत्र चालू आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. मुलाने तसा टाइप केलेला कागद दाखवल्यास तो त्याचाच समजावा. मला टाइप करता येत नाही.

कलम १. धंद्याचा खुलासा.
काय कापले ते वकिलाला कळावे म्हणून सांगतो. जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनला पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, पायाने वाजवायच्या लाकडी पट्ट्या असतात, आणि पोटात मोटारीवर फिरणारी एक्क्याण्णव दातेरी चाके असतात. एकेक चाक एकेक सूर देते. वजन एकशे नव्वद किलो. ऐकणारा भान विसरतो आणि उचलणारा शिव्या आठवतो. बँडवाल्यांना हा आवाज प्रत्येक कार्यक्रमाला हवा असतो, आणि कार्यक्रम नेमका वरच्या मजल्यावर असतो. म्हणून ते माझ्याकडे येत. मी नक्षीचे लाकूड, जाड पाय आणि त्या पायपट्ट्या कापून टाकतो, उरलेल्याचे दोन भाग करून प्लायवूडच्या पेट्यांत बसवतो, कोपऱ्यांना पत्रा आणि बाजूंना मुठी लावतो. मग दोन माणसे तो जिन्याने नेऊ शकतात. असे मी एकसष्ट कापले. त्यांतला एकही मुका झाला नाही. एक बहिरा झाला, पण तो वाजवणारा होता.

कलम २. घर.
खाली कारखाना, वर तीन खोल्या, असे माझे घर माझ्या पश्चात पत्नीकडे राहील आणि तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे मिळेल. वाटणीसाठी माझी लाकडी मोजपट्टी वापरू नये. तिचे सुरुवातीचे दोन सेंटिमीटर झिजून गेले आहेत. त्या पट्टीवर विसंबून मी एकोणिसाव्या ऑर्गनचे नवे पाय आखूड केले, आणि त्याच्या मालकाचे गुडघे अजून प्रत्येक गाण्याला खालून ठेका देतात. तो माझ्याबद्दल बाजारात जे बोलतो त्याबद्दल मी त्याला माफ करत नाही. चूक माझी होती, पण बोलायची काही पद्धत असते.

कलम ३. हत्यारे.
मुलगी दातांची डॉक्टर आहे. बारीक चिमटे, लांब दांड्याचा आरसा आणि भिंग तिला द्यावे. खरे तर ते तिने केव्हाच नेले आहे, तेव्हा या कलमाने चोरीचे दान करून टाकतो. तिच्या रुग्णांपुढे याची वाच्यता करू नये.

मुलगा ऑफिसात बसतो आणि मला शिकवतो. “बाबा, जुन्या वस्तू मूळ रूपात जपायच्या असतात. तुम्ही खाटीकखाना उघडलाय,” असे त्याने पाहुण्यांसमोर म्हटले होते. त्याच्या भावनांचा मान राखून माळ्यावर साठवलेले एकसष्ट ऑर्गनांचे कापलेले पाय, नक्षीदार फळ्या आणि पायपट्ट्या, सगळे मूळ रूपातले, मी त्याला देतो. त्याने ते स्वतः येऊन, स्वतः उचलून न्यावे.

चार चाकांची लोखंडी ढकलगाडी टेम्पोवाल्या ‘पंक्चर’ला द्यावी. त्याला आधी साक्षीदार व्हायचे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलाने सांगितल्यावर त्याने विचारले, “सही की गाडी?” आणि उत्तराची वाट न पाहता गाडी घेतली. तेल घालायची पिचकारीही त्यालाच. वर्षातून एकदा, मोजके थेंब. आवडत्या वस्तूला जास्त तेल पाजायची खोड त्याने सोडावी.

कलम ४. झुरळे.
माझ्याकडून झुरळांना काहीही मिळणार नाही. कारण नोंदवून ठेवतो. तिसऱ्या ऑर्गनच्या वेळी मी दोनशेच्या वर तारा तोडल्या, प्रत्येकीवर नाव लिहून कागदाचा तुकडा पिठाच्या खळीने चिकटवला आणि दोन दिवस गावाला गेलो. परत आलो तो खळीसकट सगळी नावे झुरळांनी फस्त केलेली. तारा तेवढ्या शिल्लक. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेव्हा पत्नी चहा घेऊन खाली आली.

“एवढं काय झालंय?”

“कुठली तार कुठं जाते, काही कळायला मार्ग नाही. संपलो मी.”

“तारेचं तुम्हाला कळत नसेल. सुराचं मला कळतं,” ती म्हणाली आणि पट्ट्यांसमोर बसली. “लावा एकेक.”

मी खाली पालथा पडून तार टेकवायची, तिने पट्टी दाबून ऐकायचे. “हा नाही. हाही नाही. हा शेजारचा. हं, हाच!” अकरा दिवस लागले. पुढे मी पत्र्याचे बिल्ले केले, ते झुरळाच्या बापालाही खाता येणार नाहीत. पण पद्धत तीच ठेवली. तिने ‘हाच’ म्हटल्याशिवाय मी एकही जोड पक्का केला नाही. ऑर्गन तयार झाला की एक पूर्ण संध्याकाळ ती तो वाजवून पाही. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात उभा राही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येई आणि ऑर्गन जगात निघून जाई. ती वर जाऊन स्वयंपाकाला लागे. असे एकोणसाठ वेळा झाले.

कलम ५. टोपीवाला.
एका बँडच्या म्होरक्याला मी टोपीवाला म्हणतो, कारण झोपेतही त्याची टोपी उतरत नसावी. एकोणतीस वर्षांपूर्वी तो आपला ऑर्गन न्यायला एक दिवस आधीच आला. पत्नी वाजवत होती. तो दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “वहिनी, शनिवारी रिकाम्या आहात का? आमचा वाजवणारा सोडून गेलाय.”

“नाही,” मी म्हणालो. प्रश्न मला नव्हता. तिने पट्ट्यांवरून बोटे उचलली, बटण बंद केले आणि ती वर गेली. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. टोपीवाल्याला माझ्या इस्टेटीतून माझा माफीनामा मिळावा. एका शनिवारापलीकडे त्याने काही मागितलेले नव्हते.

कलम ६. घरातला ऑर्गन.
वरच्या खोलीत एक ऑर्गन आहे, पूर्ण, न कापलेला. वरचा मजला बांधत असताना तो दोरखंडाने वर चढवला आणि नंतर गवंड्याने भिंत घातली. तेव्हा तो कापल्याशिवाय किंवा भिंत पाडल्याशिवाय बाहेर येणार नाही. गिऱ्हाइके विचारत, “घरचा का नाही हो कापत?” मी सांगे, “तिला तसाच आवडतो.” तिला मी कधी विचारले नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात, म्हणून लिहितो. मला भीती वाटली. ज्यांच्यासाठी मी ऑर्गन कापले त्यांच्यातला एकही तिच्याइतका चांगला वाजवत नव्हता. ऑर्गन जिना उतरला असता तर त्याच्यामागून तीही उतरली असती. भरलेल्या सभागृहाने एकदा ऐकल्यावर, एका डाव्या कानाने बहिऱ्या माणसासाठी वाजवण्यात तिला काय राम वाटला असता? मी तिच्यावर अन्याय केला आणि तो वर्षानुवर्षे केला.

सबब, माझ्या मृत्यूनंतर हा ऑर्गन पत्नीला द्यावा. तो कापून घेण्याचा संपूर्ण अधिकार तिला राहील. कुठे कापायचा त्याच्या खुणा सोबतच्या नकाशात दिल्या आहेत.

दुरुस्ती.
कलम ६ रद्द. त्याचे असे झाले.

वरील मसुदा मी खिळ्यांच्या खणात ठेवला होता. चौथ्या दिवशी पत्नीला चित्र टांगायला खिळा हवा झाला. ती हातात कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“हे काय?”

“मृत्युपत्र. सगळेच करतात.”

“माझ्या बाबांनी मला दिलेला ऑर्गन तुम्ही मलाच देताय होय?”

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी म्हणालो, “कायद्याच्या भाषेत…”

“आणि तोही तुम्ही गेल्यावर! म्हणजे मला वाजवायचं असेल, तर रोज सकाळी उठून आधी तुमची नाडी बघू का?”

ती स्टुलावर बसली. कलम ६ पुन्हा वाचले. बराच वेळ वाचले.

“घाबरला होतात, तर तोंडानं सांगायचं. मी हसले असते, शनिवारी गेले असते आणि वाजवून घरी आले असते. जाणार कुठं होते मी?”

“तू तरी तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले,” ती म्हणाली. “मग थांबायची सवयच लागली.”

मला खूप वाईट वाटले, तसे मी सांगितले. तोंडाने सांगितले. ती म्हणाली, “रडायचं नंतर बघू. करवत काढा.”

आम्ही तेरा दिवस काम केले. पहिला काप तिने घेतला. तो वाकडा गेला आणि मी तो तसाच ठेवला. मी खाली पालथा पडलो, ती वर पट्ट्यांवर. “हा नाही. हा शेजारचा. हं, हाच.” मग मी टोपीवाल्याला फोन केला.

“तुम्ही आमच्या घरी एकदा विचारलं होतंत, शनिवारी रिकाम्या आहात का म्हणून. उत्तर चुकीच्या माणसानं दिलं होतं.”

तो म्हणाला, “कुठला शनिवार सोयीचा आहे, वहिनींना विचारा.”

मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा विचारले.

सुधारित कलम ६.
सदर ऑर्गन माझा नाही, कधीच नव्हता. त्यात माझ्या मालकीचे फक्त तारांच्या जोडांवरचे सोल्डर आहे, तेही मी तिला देतो. नेताना पोटातल्या दातेरी चाकांच्या सांगाड्याचे चार बोल्ट आवळावेत आणि वाजवण्याआधी सैल करावेत. मी असेन तोवर हे काम माझे.

कलम ७. शेवटची सूचना.
अंमलबजावणी मुलीने करावी, कारण मुलगा आधी वाद घालतो. माझ्या मृत्यूच्या दिवशी पत्नीचा कार्यक्रम ठरलेला असेल तर तो रद्द करू नये. मला थांबता येईल. आता पाळी माझी आहे.

या मृत्युपत्रावर आज दुपारी माझ्या घरी सह्या व्हायच्या होत्या. परंतु ऑर्गनचे एक टोक उचलायला माणूस कमी पडल्याने मला इकडे यावे लागले. साक्षीदारांनी मागोमाग येण्याची तसदी घेतली, याबद्दल त्यांचे आभार. वर लिहिलेले सर्व मला मान्य आहे आणि त्यातला वाकडा काप मला विशेष मान्य आहे.

ठिकाण : सभागृह, रंगमंचाच्या डाव्या पडद्यामागे.
दिनांक : २१ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी सव्वासात.

(सही)
मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी : त्यांनी माझ्यासमोर सही केली. मी ती पाहिली. खरे सांगायचे तर अर्धे लक्ष रंगमंचाकडे होते.
(सही)

साक्षीदार दुसरा, घरचे डॉक्टर : मी मृत्युपत्र करणाऱ्याला तपासले आहे. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. नियमाप्रमाणे मी त्यांना आजचा वार, तारीख व स्वतःचे वय विचारले. त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. उजवा कान पडद्याकडे करून ते मला म्हणाले, “डॉक्टर, गप्प बसा. बायको वाजवतेय.” सबब, ते पूर्ण शुद्धीवर आहेत, असा मी दाखला देतो.
(सही)