विहिरी न मोजणाऱ्याला माझे घर नाही

मी, गोजरबाई सहादेव धनवटे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पुणतांबा, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा पुतण्या आप्पासाहेब याचे मत वेगळे आहे, म्हणून मागच्या आठवड्यात कोपरगावच्या डॉक्टरांकडून तसा दाखला आणून सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी त्यांना विचारले, तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान अजून मागच्याच महिन्याचे का? त्यांनी लगेच सही केली.

मला कोणी धमकावलेले नाही, काही खाऊ-पिऊ घालून भुलवलेले नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न मात्र वर्षभर चालू आहे आणि तो कोण कोण करते ते मला माहीत आहे.

कलम पहिले, घर. स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचे छप्पर, दोन खोल्या आणि पुढे लांब ओसरी असलेले घर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. माझे पती सहादेव रेल्वेत खलाशी होते आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेले. घर मी पुढे माझ्या पगारातून बांधले. आप्पासाहेब ते वडिलोपार्जित असल्याचे गावभर सांगतो. त्याने वडिलोपार्जित म्हणजे काय ते आधी समजून घ्यावे. तो हल्ली दर रविवारी केळी घेऊन येतो, "काकू, तब्येत कशी हाय?" असे विचारतो आणि उत्तर ऐकताना भिंतींकडे पाहतो. त्याला इथे खतांचे दुकान काढायचे आहे. मी त्याला, तो ज्या बाजेवर बसून भिंती पाहतो ती बाज देते. तिचा एक पाय हलतो, हे त्याला माहीत आहे.

कलम दुसरे, ओसरीवरचा वर्ग. निवृत्त झाल्यापासून मी रोज संध्याकाळी ओसरीवर पोरांना इंग्रजी शिकवते. घर कोणाला द्यायचे ते या वर्गावर ठरते, म्हणून हे कलम नीट वाचावे.

इंग्रजीत एखादी वस्तू सगळ्यात मोठी, सगळ्यात उंच, सगळ्यात जुनी आहे असे सांगायचे तर शब्दाच्या शेवटी ई-एस-टी लावतात. ही अक्षरे पोरे लगेच पाठ करतात आणि मग दिसेल त्याला लावत सुटतात. मला हे पहिल्यापासून खटकत आले. सगळ्यात मोठा म्हणतोस, तर बाकीचे पाहिलेस का? न पाहता ई-एस-टी लावणारे पोर मोठेपणी न वाचता अंगठा उठवते. म्हणून शाळेत होते तेव्हापासून माझ्या वर्गाची रीत अशी की ज्या वस्तूला ई-एस-टी लावायचे, तिच्या जातीच्या गावातल्या सगळ्या वस्तू आधी स्वतः पाहून, मापून याव्यात. मग त्या वस्तूवरच खडूने स्पेलिंग लिहावे. घरून ऐकून आलेले चालणार नाही.

'लाँगेस्ट'साठी पोरांनी बैलांच्या शेपट्या मापल्या आणि लाथाही खाल्ल्या. 'बिगेस्ट' आठवडेबाजारात झाले. बनुबाईच्या भोपळ्यावर पोरांनी एकच 'जी' लिहिला, तो मी सगळ्यांसमोर पुसायला लावला आणि दुसरा 'जी' घालून पुन्हा लिहून घेतला. बनुबाई गिऱ्हाईक सोडून म्हणाली, "बाई, माझ्या भोपळ्यावर काय वंगाळ तर न्हाई ना लिव्हलं?" तिने असे विचारले याबद्दल मला तिचा आदर वाटतो. बाकीचे लोक विचारतही नाहीत.

शाळा तपासायला येणाऱ्या एका साहेबांनी मला सांगितले होते की पोरांकडून टॉल, टॉलर, टॉलेस्ट घोकून घ्या आणि गावभर हिंडू नका. मी त्यांना विचारले, या खोलीत सगळ्यात उंच कोण? ते म्हणाले, मी. त्यांच्या मागे शाळेचा शिपाई उभा होता, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. साहेबांनी मागे वळून पाहिले नव्हते.

कलम तिसरे, काकासाहेब. मळेवाले काकासाहेब प्रत्येक बैठकीत सांगत की त्यांच्या मळ्यातली विहीर गावात सगळ्यात खोल आहे. 'डीपेस्ट' शिकवायची वेळ आली तेव्हा मी पोरांना दोरी आणि धोंडा देऊन गावातल्या सगळ्या विहिरींवर पाठवले. सगळ्यात खोल निघाली ती नूरमहंमद पिंजाऱ्याच्या अंगणातली आड-विहीर. पोरांनी तिच्या काठावर डी-ई-ई-पी-ई-एस-टी असे लिहिले आणि येताना काकासाहेबांच्या विहिरीवर नुसते 'डीप' लिहून आली. काकासाहेबांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि शाळेत आले.

"मास्तरीणबाई, पोरांकडनं आमची आबरू काढता व्हय?"

मी म्हणाले, "पोरांनी विहिरीत दोरी सोडली होती. तुमची आबरू तिथे ठेवली होती हे मला माहीत नव्हते."

पुढच्याच महिन्यात माझी बदली जामखेडला झाली. काकासाहेब अजून सांगतात की त्या बदलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. संबंध होता. माझ्या प्रेताला त्यांनी खांदा देऊ नये, लांबून पाहावे. लाकडे देऊ केली तर घेऊ नयेत.

जामखेडला मी खूप रडले हे इथे लिहून ठेवते, कारण तिथे मी कोणाला दिसू दिले नाही. पण पोरे तिथलीही चांगली होती. 'ड्राय'मधला 'वाय' काढून 'आय' घालायचा आणि मग ई-एस-टी, हे त्यांना शिकवताना मी नेहमीप्रमाणे विहिरींवर पाठवले. सगळ्या कोरड्या. एक पोरगी परत येऊन म्हणाली, "बाई, कोरडीहून कोरडी कशी आसंल?" मी तिला सांगितले, जी सगळ्यात आधी आटली ती. मग पोरांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारले. एका स्पेलिंगला आठवडा गेला, पण ते पक्के झाले.

कलम चौथे, रतनबाई. नूरमहंमदच्या विहिरीत दोरी सोडणाऱ्या पोरांत ही होती. पुढे शिकून ती आमच्याच शाळेत शिक्षिका झाली. मी निवृत्त होऊन परत आल्यापासून ती रोज संध्याकाळी ओसरीवर येते, माझ्यासोबत वर्ग घेते, जाताना माझी भाकरी थापून जाते. आता स्वतःचा संसार असलेली बाई रोज म्हातारीची भाकरी का थापते? मी तिला एकदा सरळ विचारले. ती म्हणाली, "भूक लागत न्हाई का तुमाला?" हे उत्तर नव्हे.

तरीही दुसरा कोणी वर्ग चालवू शकत नाही, म्हणून माझ्या पश्चात घर रतनबाईला द्यावे. अट अशी की ओसरीवर वर्ग चालू राहावा आणि विहिरी मोजल्याशिवाय कोणालाही ई-एस-टी शिकवू नये. ती अट पाळते की नाही यावर नूरमहंमदने लक्ष ठेवावे. नूरमहंमद भोळा आहे, कोणी चहा पाजला की त्याला सगळे ठीक दिसते. म्हणून त्याच्यावर त्याची बायको इमामबी हिने लक्ष ठेवावे. इमामबी खमकी आहे, पण रतनबाईवर तिची माया आहे. इमामबीवर कोणी लक्ष ठेवावे ते ठरत नाही, जागा मोकळी सोडते.

येथपर्यंत मी पंधरवड्यापूर्वी लिहिले होते. वकिलांनी सही करा म्हटले. मी म्हटले, थांबा, रतनबाईची परीक्षा अजून झालेली नाही.

म्हणून मी पिठाच्या गिरणीत एका बाईला हळूच सांगितले की घर आप्पासाहेबाच्या नावाने केले आहे, कोणाला बोलू नको. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत होते. आप्पासाहेब रविवारची वाट न पाहता पेढे घेऊन आला. रतनबाई संध्याकाळी आली, वर्ग घेतला, भाकरी थापली, काही बोलली नाही. मला वाटले, हिला डाव कळला आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मला खात्रीच झाली की कळला आहे.

शनिवारी मात्र ती भांडायला आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, घर कुनालाबी द्या, मला काय करायचंय? पर फळा अन् ती दोरी मला आत्ताच द्या. आप्पासाहेब फळ्याची फळी करून खताची पोती ठिवील. सोमवारी शाळा उघडती, सांजच्याला पोरं कुठं बसवू मी?"

मी म्हटले, "कुठे बसवशील?"

"नूरचाचाच्या अंगनात. इचारून ठिवलंय."

तिने फळा उचलला आणि एकटीने डोक्यावर घेऊन गेली. मी थांबवले नाही. ती नजरेआड झाल्यावर मी आधी नूरमहंमदकडे कापूस पिंजायच्या जागी जाऊन विचारले. तो म्हणाला, "व्हय, तिनं कवाच इचारलं हुतं. म्हनली, बाईंना सांगू नका, त्यांना वाटंल मी त्यांच्या मरनाची वाट बघती." मग मी घरात जाऊन इमामबीला वेगळे विचारले, नवरा ऐकू शकणार नाही अशा बेताने. तिनेही तेच सांगितले. वर म्हणाली, "गोजरबाई, आनखी कुनाला इचारायचंय? जा की, आख्ख्या गावाला इचारा."

मी खरोखरच विचारायला निघाले होते. बनुबाईच्या दारापर्यंत गेले आणि तिथे मला कळेना की विचारायचे काय. विहिरीत दोरी सोडता येते. रतनबाई चांगली आहे हे कळायला गावातली कोणकोणती माणसे मापावी लागतील? आणि सगळी मापून होईपर्यंत मी जिवंत असेन का? मी दारातून परत फिरले. मला रतनबाईबद्दल फार माया वाटली आणि त्याची लाजही वाटली नाही, हे लिहून ठेवते.

कलम पाचवे, हे आज लिहिले आहे. चौथ्या कलमातला देखरेखीचा सगळा मजकूर मी रद्द करते. नूरमहंमदने रतनबाईवर लक्ष ठेवू नये, इमामबीने नूरमहंमदवर ठेवायचे असेल तर तो तिच्या घरचा प्रश्न आहे. मोकळी सोडलेली जागा भरू नये. वर्गाची अटही काढून टाकते. विहिरी मोजायच्या की नाही ते रतनबाईने ठरवावे. घर तिला विनाअट देते. आप्पासाहेबाने कोर्टात जाऊ नये, गेला तर वरची सगळी कलमे तिथे मोठ्याने वाचली जातील.

घराला एकच किल्ली आहे. ती मी आज सकाळी शाळेला निघालेल्या रतनबाईच्या हातात दिली. मरणाची वाट पाहिली नाही. ती म्हणाली, "आन् तुमी आत कशा जाल?" मी म्हटले, तू आलीस की.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करीत आहे. ऊन वाढले आहे. शाळा सुटेपर्यंत मी नूरमहंमदच्या ओट्यावर बसून आहे.

सही: गोजरबाई सहादेव धनवटे

साक्षीदार:
१. नूरमहंमद पिंजारी, राहणार पुणतांबा. (सही उर्दूत. यांना मी काही दिलेले नाही, कारण साक्षीदाराला दिलेले टिकत नाही असे वकील म्हणतात. मी ते दुसऱ्या वकिलालाही विचारले.)
२. कानिफनाथ शिंपी, राहणार पुणतांबा. (सही करण्याआधी सगळे वाचले.)

ठिकाण: पुणतांबा
दिनांक: ११ जून १९७३, सोमवार