अंगठ्याला लागेल अशी कड

खरगपूर,
११ फेब्रुवारी १९९८

ती. गोदूआत्यास मैनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चष्मा लावून, उजेडात बसून वाच. मी बरी आहे. इथे सकाळी धुकं असतं, मेसच्या भाताला चव नाही, आणि तू दिलेले तांदळाचे पापड मी कुणाला दाखवतसुद्धा नाही. केरूदादाच्या कारखान्यात यंदाच्या गणपतीच्या मूर्तींना सुरुवात झाली असेल. त्याला म्हणावं, बहीण गोव्याच्या कंपनीत लाँचचे आराखडे काढते म्हणून तिला राखीपुरती आठवायचं असं नसतं.

माझ्या आराखड्यावरून आपल्या कारखान्यात घडवून पाठवलेलं फायबरचं मॉडेल सुखरूप पोचलं. पेंढ्यात असं बांधलं होतंत की सोडवताना आमच्या सरांच्या डोक्यावर पेंढाच पेंढा झाला. ती सहा फुटांची गस्तीची लाँच टेबलावर ठेवली, तर इथली सगळी माणसं तिच्यावरून हात फिरवून गेली. एवढं गुळगुळीत काम त्यांनी पाहिलं नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच तसं झालं.

इथे मॉडेलची चाचणी घ्यायला एक लांबलचक पाण्याची टाकी आहे, आपल्या अख्ख्या आळीएवढी. वर रुळांवरून गाडा धावतो आणि मॉडेलला पाण्यावरून ओढत नेतो. किती जोर लागला ते यंत्र सांगतं. लाँच हळू असते तेव्हा पाणी ढकलत जाते. वेग घेतला की तिनं उचलून वर यायला हवं आणि पाण्यावरून घसरत सुटायला हवं, तरच चोरट्या मालाच्या होड्या गाठता येतात. त्यासाठी मी तिचा तळ मधोमध खोल आणि दोन्हीकडे चढता ठेवला, म्हणजे लाट आपटण्याऐवजी फाकून बाजूला जाते. दोन वर्षं मी या तळामागे आहे.

धरमतरच्या धक्क्यावर आपण कस्टमची लाँच बघायला जायचो, आठवतं? ती गेली की मागच्या लाटेनं होड्या एकमेकींवर आदळायच्या आणि तू लाँचवाल्यांच्या सात पिढ्या काढायचीस.

बघ, कुठल्या कुठे गेले. जे लिहायचं ते लिहवत नाही म्हणून हे चाललंय.

आपली लाँच उचलली नाही, आत्या. नाक वर, मागची बाजू पाण्यात रुतलेली, आणि पाणी दोन्ही अंगांवर चढत थेट काठापर्यंत. सर म्हणाले, हा आराखडा सोडून देऊ आणि परदेशातला जुना नमुना घेऊ.

जाड काठाच्या पातेल्यातून चहा ओतला की तो पातेल्याच्या पोटावरून ओघळतो. पातळ काठ असला की धार सुटून पडते. लाँचचंही तसंच आहे. तळ जिथे बाजूला भेटतो ती कड आणि मागची कड अशी तीक्ष्ण हवी की पाण्याला धरून चढायला जागाच मिळू नये. आराखड्यात ती तशी आहे. साच्यातही आहे. मॉडेलवर मात्र गोल झाली आहे.

ती तू घासून गोल केलीस.

अंगठा फिरवायचा, कुठे टोचलं तर मूर्ती अजून कच्ची, हे तूच मला शिकवलंस. मूर्तीची टोकदार कड ट्रकच्या हादऱ्यांनी उडते. लाँचही तू मूर्तीच्याच मायेनं घासलीस. कड तशीच ठेवा असं मी बोलले नाही, कारण आमच्या लाँचच्या धंद्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. खात्री करायला आम्ही कडेवर मेणाची धार काढली, तर लाँच लगेच उचलली. मग वेग वाढला आणि मेण उडून गेलं.

केरूदादाला फोन केला. तो म्हणाला, "नवं काढून पोरांकडनं घासून धाडतो. आत्याला कळू देऊ नको. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडनं काढून घेतली तवापासनं ती धड जेवत नाय. ह्या लाँचनं कुठं जरा उभी राह्यली." तो मायेनंच बोलला, पण मला ते पटलं नाही. तुझ्यापासून लपवायचं म्हणजे तू आता कामाची नाहीस असं आपणच ठरवून टाकायचं.

हे दुसरं मॉडेल तूच घासावंस अशी माझी इच्छा आहे. मार्चअखेर टाकी आम्हाला आणखी एकदाच मिळणार आहे. तू नाही म्हणालीस तरी रागावणार नाही. पण मला भीती वाटते आहे, लाँचची आणि तुझीही.

उत्तराची वाट बघत बसलेली,
मैना


जोहे,
शिमग्याच्या तोंडावर

चि. मैनेस आशीर्वाद.

अक्षर हालतंय, सांभाळून वाच. तू पापडांपासनं सुरू केलंस तवाच कळलं, कायतरी बिघडलंय.

पहिल्यांदा वाचून राग आला. भांडी घासली, मग पुन्हा वाचलं. केरूला बोलले, डोळ्यांचं काम काढून घेतलंस ते बरोबर केलंस, माझा हात हालतो ते मला दिसतंय. पण माझ्या कामाची चूक मला सांगायची नाय, हे कुठनं शिकलास? दोन दिवस तोंड चुकवीत फिरत होता. मग आपणच रोह्याला गेला नि सुताराकडनं सागाची सरळ फळी रंधून आणली. मी फळीला पॉलिश पेपर लावला, दोन्ही हातांनी दाबून धरली नि कडेवरनं लांब लांब ओढली. दाबून धरलं की थरथर कुठं जाते कळत नाय.

जन्मभर कडा मारल्या, ही ठेवताना जीवावर आलं. पोरं म्हणतात, आत्या, जरा मारा की, लागंल कुणाला. म्हटलं, लागायलाच हवी. काल अंगठा फिरवला, तर कापला. हळद लावली नि लाँच पेंढ्यात बांधली.

एक काम न सांगता केलंय. पाण्याच्या वर हाय, अडायचं नाय. पुसायचं असंल तर पुस, पण मला कळवू नको.

नीट जेव गो.

तुझी आत्या


खरगपूर,
२७ मार्च १९९८

ती. आत्या,

उचलली. गाड्यानं वेग घेतला, नाक जरासं वर आलं, परत खाली बसलं, आणि ती पाण्यावरून घसरत सुटली. पाणी कडेला आलं की सुटून बाजूला पडत होतं. गाडा थांबल्यावर मी दोन्ही अंगांना हात लावून पाहिला. कोरडी होती. मी तिथेच रडले, आणि सरांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

आराखडा राहिला. आता गोव्यात खरी लाँच बांधायची. तिच्या साच्याची कड कोण घासणार, असं सरांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. मे महिन्यात यायचं, फळी घेऊन. केरूदादाला तिकीट काढायला सांगते आहे.

आणि ते न सांगता केलेलं काम. नाकाच्या दोन्ही बाजूंना तू डोळे आखलेस. उजवा बरोबर आहे, डावा थोडा वर गेलाय. टाकीवरचा एक जण पुसायला फडकं घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे, तिला पुढचं दिसतंय.

तुझ्याच हाताखालची,
मैना