कुसुमची तपासणी

शिंदखेडा, मंगळवार, जुलै १९६९

आज कुसुमला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. माझी दहा वर्षांची पोर, तोंडी हिशेब माझ्याआधी करते, पण ‘कमळ’ला ‘मकळ’ वाचते. मी शाळेत मास्तरीण. त्या ‘मकळ’पायी तिला किती मारलं, ते मलाच ठाऊक.

डॉक्टरांनी डोळे, कान तपासले. दोन्ही ठीक. मग चार ओळी वाचायला दिल्या. ती अडखळली तशी हसले आणि तिच्यासमोरच म्हणाले, “बाई, पोरगी मंद आहे. घरकाम शिकवा.”

“अशा मुलांना शिकवणारं कुणी?”

“मुंबईत असेल. इकडे नाही.”

तिच्या हिशेबाचं मी का नाही सांगितलं? लाज वाटली म्हणून?

घरी सगळं ऐकून सासरे म्हणाले, “आते तिनं नाव काढी टाक.”

शाळेतून तिचं नाव काढायचा अर्ज मीच लिहिला. कारण : मंदबुद्धी. कुसुम शेजारी बसून बघत होती, तिला ते वाचता येईना.

“आई, काय लिहिलंस?”

“उद्यापासून शाळा नाही.”

“मग मारणार नाहीस ना?”

“नाही.”

ती खुशीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.