मीटरच्या पुढची नळी

सोमवार, ७ ऑक्टोबर
लॉयडला आज परत पाठवला. खड्डे पाडायचं यंत्र भाड्याने घेऊन दारात हजर! वेंडेलला पुढच्या सोमवारी हॉस्पिटलातून सोडणार, पण दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतार हवा. उताराला खांब, खांबांना खोल खड्डे. म्हटलं, आधी गॅस-विजेच्या कंपनीला फोन करते. जमिनीखाली काय आहे त्याच्या खुणा करून जाऊ देत, मग खण.
म्हणाला, ‘वहिनी, कुंपण घातलं तेव्हा कुणाला विचारलं होतं?’
माझा दीर, वेंडेलचा सख्खा भाऊ, पण त्याच्यासारखं डोकं नाही. फोन केलाच.

बुधवार, ९
खुणा करणारी बाई आली. गवतात झेंड्या रोवल्या — पिवळ्या गॅसच्या, लाल विजेच्या. दाराजवळ एकही नाही. लॉयड खूश. गाडीत बसता बसता बाई म्हणाली, ‘आम्ही मीटरपर्यंतच बघतो. पुढचं तुमचं तुम्ही.’
मी शेडकडे बघितलं. मीटरपासून शेडमधल्या हीटरला गॅस वेंडेलनेच नेलाय, स्वतःच्या हाताने. कुठून नेला ते त्यालाच ठाऊक.

गुरुवार, १०
हॉस्पिटलात गेले. झटक्यापासून जीभ जड झालीय, पण बोलतो नीट. विचारलं, शेडची नळी कुठून गेलीय? लगेच म्हणाला, अक्रोडाच्या मागून. दाराकडे काही नाही. इतकं ठाम बोलला की जीव भांड्यात पडला. लॉयडला कळवलं, उद्या यंत्र आण.
निघताना माझे आभार मानले त्याने! आख्ख्या संसारात पहिल्यांदा. आजारपणाने मऊ झालाय.

शुक्रवार, ११
लॉयड यंत्र सुरू करणार, तर मला राहवेना. फावडं घेतलं, म्हटलं आधी हाताने खणते. तो हसला — ‘दादाने सांगितलं ना? नवऱ्यावरही भरवसा नाही?’ गप्प बस म्हटलं. माती दगडासारखी. दोन खड्ड्यांत काही नाही. तिसऱ्यात, दारासमोरच, फावडं कशाला तरी टेकलं. बोटांनी माती काढली. पिवळी नळी.
लॉयड गवतातच बसला. यंत्र लावलं असतं तर आम्ही दोघं नव्हतो, घरही नव्हतं.
मग म्हणाला, ‘जुनी गोष्ट, विसरला असेल.’
हो म्हटलं. खांब सरकवून घेतले.
वेंडेल विसरत नाही. नळजोडणीचंच काम त्याचं; लोकांच्या घरच्या नळ्यासुद्धा त्याला पाठ असतात.

शनिवार, १२
उतार झाला. तळहातांना फोड. बीन्स आणि मक्याचा पाव केला, लॉयडने दोनदा घेतला. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

सोमवार, १४
वेंडेल घरी आला. उतारावरून मीच ढकलत वर नेला. दारात त्याने टोपी काढली. म्हणाला, ‘घर छान आहे, बाई. तुमचे मालक कुठे असतात?’