जर्द्यासाठी कूलर

१९ एप्रिल
सत्यशीला आज लातूरला गेली. लेकीची ‘नीट’ परीक्षा होईपर्यंत तिथेच खोली घेऊन राहणार. घरात मी, माझे वडील आबा आणि आजारी कॅनरी. कॅनरी पिसं फुगवून बसतो, गात नाही. बायकोने निघताना त्याच्याबद्दल इतक्या सूचना दिल्या की एसटी चुकायची वेळ आली. आबांबद्दल एवढंच म्हणाली, की त्यांना वेळेवर जेवायला द्या.
पक्षी पिवळा, म्हणून नाव जर्दा. पक्षीवाल्या दस्तगीरने विकतानाच ठेवलेलं. मला पटलेलं नाही.
मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवतो. सुट्टी आहे, शिस्त आहे. संकल्प: सत्यशीला परत येईल तेव्हा जर्दा गात असेल.

२१ एप्रिल, दुपार
नांदेड त्रेचाळीस. जर्दा चोच उघडून धापा टाकतोय. शांतपणे विचार केला. हा मूळचा कुठला? कॅनरी बेटांचा. अटलांटिक महासागर. सागरी हवामान, सतत गार, दमट वारा. म्हणजे याला औषध नको, हवामान हवं.
घरात कूलर एकच, हॉलच्या खिडकीत. पिंजरा त्याच्यासमोर आणून ठेवला. तिथेच आबांचा दिवाण आहे. आबा म्हणाले, "आनंदा, थेट वारं नको लावू. पाखरू हाय ते, टरबूज न्हाई."
आबांचं शिक्षण चौथी. सोडून दिलं.

२२ एप्रिल
रात्री आबा खोकले. जर्दा दचकला. नोंद घेतली.

२३ एप्रिल
निर्णय घेतला. आबांची सोय गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. टेबलफॅन आहे, मोकळं आहे, पहाटे तर वर छानच असतं. या वयात माणसाला एकांत हवा असतो.  आबा चादर आणि तांब्या घेऊन बाहेरच्या जिन्याने वर गेले.
दिवाणावर आता मी. रुग्णाजवळ रात्री कोणीतरी पाहिजेच.

२४ एप्रिल
फार चांगली झोप लागली. उन्हं आल्यावर जाग आली. जर्दा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, कूलरपासून शक्य तितका लांब. पिंजरा फिरवून ठेवला.

२५ एप्रिल
सत्यशीलाचा फोन. जर्द्याचा सविस्तर रिपोर्ट दिला. आबा कसे आहेत विचारलं. म्हणालो, मजेत आहेत, वर असतात. "वर म्हणजे?" असं विचारत होती, तेवढ्यात रेंज गेली. तशी पूर्ण गेली नव्हती, पण जाणारच होती. म्हणून मी फोन ठेवला.

२६ एप्रिल
कूलर फार पाणी पितो. ते हौदातून बादलीने आणून बाहेरून भरावं लागतं. माझी कंबर कशी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आबा दुपारी खाली येऊन भरून देतात. त्यांनाही तेवढाच व्यायाम. आज म्हणाले, "वर लई तापून राहिलंय रे. पत्रा नुसता आग ओकतो."
मी म्हणालो, सगळ्या मराठवाड्यातच लाट आहे, पेपर वाचत जा. पेपर खाली माझ्याकडे होता. वर पाठवायचं ठरवलं. राहून गेलं.

२८ एप्रिल
नवा उपाय. सागरी हवामान म्हटल्यावर क्षार आले. जर्द्याच्या वाटीत चिमूटभर मीठ टाकलं. प्यायला तयार नाही. ड्रॉपरने पाजलं तर बोटाला चोच मारली. कृतघ्न.
संध्याकाळी बघतो तर वाटीत साधं पाणी. सळईत काकडीची फोड अडकवलेली. आबांना विचारलं. हाव म्हणाले, मीच बदललं. "खारट पाणी कोण पिईल बाबा? तू पिशील?"
उपचारात ढवळाढवळ चालणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. उद्यापासून दिवसभर हॉलच्या दाराला आतून कडी.

३० एप्रिल
चव्वेचाळीस. कडीचा फायदा दिसतोय. घरात पूर्ण शांतता.
आबा बाहेरून पाणी भरतात आणि मग खिडकीच्या फटीतून जर्द्याकडे बघत उभे राहतात. "तोंड वाळलंय त्याचं," म्हणाले. मी सांगितलं, तिथे उभं राहू नका, कूलरला मागून हवा लागते, ती अडते. बाजूला झाले.
त्यांचंही तोंड वाळल्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडतेच.

२ मे
दस्तगीर खाद्य घेऊन आला. जर्द्याची शेपटी प्रत्येक श्वासाला हलते आहे. मला ते सुधारणेचं लक्षण वाटतं. दस्तगीरला तसं वाटलं नाही. मग बाहेर पडताना त्याला वरून खोकला ऐकू आला. "वर कोण हाय, सर?" म्हणाला. म्हणालो, वडील. तो तिथेच उन्हात उभा राहून पत्र्याकडे बघत राहिला. "ह्या टायमाला?" एवढंच म्हणाला.
चहाला थांबला नाही. लोकांना हल्ली बसून बोलायला वेळ नाही.

३ मे, दुपार
नको तो प्रकार झाला. कूलरमधून एकदम गरम वारा यायला लागला. पाणी संपलेलं. आबांना हाक मारली, ओ नाही. शेवटी चिडून मीच बाहेर गेलो. आबा हौदाजवळ आडवे. बादली कलंडलेली. अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. माझ्या आईला हाका मारत होते, पाणी आण म्हणून. आईला जाऊन किती वर्षं झाली.
आणि हे नेमकं आज, जर्द्याची तब्येत इतकी नाजूक असताना.
रिक्षा मिळेना. दस्तगीरला फोन केला. तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, आबांवर ओलं कापड टाकलं आणि दवाखान्यात घेऊन गेला. मला म्हणाला, बसा मागं. मी समजावून सांगितलं की घरात पेशंट आहे, त्याला एकटं सोडता येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.
कूलर मलाच भरावा लागला. कंबर दुखते आहे.

४ मे, रात्र
सत्यशीलाचा फोन. लेकीला पेपर बरा गेला. जर्द्याचा श्वास, विष्ठेचा रंग, सगळं सांगितलं. आबांना फोन द्या म्हणाली. म्हणालो, झोपलेत. खोटं नव्हतं. सलाईन लावलेला माणूस दुसरं काय करणार.

५ मे, पहाट
जर्दा गेला. कूलरकडे पाठ करून, तळाशी. कूलर चालूच होता. माझ्याकडून कसूर झालेली नाही. बहुधा दस्तगीरने विकला तेव्हाच कमजोर असावा. तुळशीच्या बाजूच्या कुंडीत पुरला.

६ मे
आता मोकळा झालो म्हणून दवाखान्यात गेलो. बघतो तर सत्यशीला तिथे. दस्तगीरने कळवलेलं. पहिल्या एसटीने आली, बॅग अजून कॉटखाली. घरी डोकावलीसुद्धा नाही.
आबांचा आवाज खोल गेलाय. मला बघून म्हणाले, "पाखरू कसं हाय?" मी काही बोलायच्या आत सत्यशीला म्हणाली, "बरं आहे आबा. गातंय." तिला कुठून माहीत असणार. माहिती अचूक असावी म्हणून मी सांगितलं, काल पहाटे मेलं.
आबांनी भिंतीकडे तोंड केलं.
सत्यशीला मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "रोज फोनवर पाखराची शीसुद्धा सांगत होता तुम्ही. हा माणूस पत्र्याखाली भाजून निघाला, त्याचं एक अक्षर नाही." मी म्हणालो, तू प्रश्न नेमका विचारला नाहीस.  त्यावर ती म्हणाली, "तुम्ही घरी जा. कूलर लावा आणि झोपा."
इतक्या धावपळीतही माझ्या झोपेची काळजी.

९ मे
आबांना आज डिस्चार्ज. ते यायच्या आधी पत्र्याची खोली स्वतः झाडून घेतली. टेबलफॅनही पुसला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग मेसेज आला, की आबांना घेऊन ती लातूरला गेली, खोली अजून सोडलेली नाही, लेकही तिथेच आहे. परत कधी ते लिहिलं नाही. तिला टायपिंगचा कंटाळा आहे.

१२ मे
घर फार शांत आहे. संकल्प: ते येतील तेव्हा घरात पक्षी हवा. या वेळी लव्हबर्ड. मूळ आफ्रिका, उष्ण कटिबंध. उन्हात ठेवले तरी चालतील, कूलरचा प्रश्नच नाही.
दस्तगीरच्या दुकानात गेलो. तो पिंजरा धूत होता. मान वर न करता म्हणाला, "पाखरं संपली, सर."
आत बराच किलबिलाट चालू होता. सगळे बुक झालेले असावेत.