उलाव या शब्दाचं कार्ड

मावशी,

तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी मावशी म्हटलं नाही. अमेरिकेत ॲन आर्बरच्या त्या विद्यापीठाच्या मेसमध्ये सगळे तुम्हाला 'नांग' म्हणायचे, तुमच्या सेबुआनो भाषेत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, आणि मीही तेच म्हणत राहिले. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागपूरहून भाषाशास्त्र शिकायला आलेली, तुम्ही फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरून येऊन विद्यार्थ्यांच्या ताटात भात वाढणाऱ्या. सेबुआनोतल्या रोजच्या शब्दांवर माझा प्रबंध व्हायचा होता आणि ते शब्द तुमच्याकडे होते. म्हणून दर शनिवारी दुपारी टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन मी बर्फ तुडवत तुमच्या घरी, स्वयंपाकघरात येऊन बसायचे.

तुम्ही अर्थ सांगत नव्हता, करून दाखवत होता. 'कापोय' विचारलं तर खुर्चीत बसलात, बूट काढलेत आणि सुजलेले पाय लांब केलेत. मी कार्डावर 'थकवा' लिहिलं. तुम्ही मान हलवलीत. नुसता थकवा नाही, म्हणालात, एखादं काम जिवावर येतं तेही कापोयच. 'लामी'साठी मुगाच्या पातळ कालवणाचा चमचा सरळ माझ्या तोंडात घातलात; मी 'चविष्ट' लिहिलं. मग 'मिंगाव' आला. रिकामं घर मिंगाव असतं, आणि माणसाच्या आठवणीनं मन लागत नाही तेही मिंगाव. मी म्हटलं, आमच्याकडे 'करमत नाही' म्हणतात. ते तुम्हाला फार आवडलं. पुढे एखादा शनिवार माझा चुकला की तुमचा फोन यायचा, "इंदाय, करमत नै." इंदाय म्हणजे पोरी. त्या गावात मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि तो 'उलाव'चा दिवस. तुम्ही आलं ठेचताय, काचेवर वाफ धरलीय. मी विचारते, उलाव म्हणजे काय. तुम्ही आधी पदर ओढल्यासारखं करून लाजून दाखवता, मग चोरी पकडल्यासारखी मान खाली घालता. मी हसून सांगते, आमच्या 'लाज'चं अगदी असंच आहे. मग वाक्य मागते, उदाहरणाला. तुम्ही हात पुसता आणि स्वतःच टेपचं बटण दाबून बंद करता. सेबूला तुमची मुलगी होती. लग्नाशिवाय झालेली. चार वर्षांची असताना तिला बहिणीकडे ठेवून तुम्ही इकडे आलात. आता ती बहिणीला आई म्हणते आणि तुम्हाला पत्रात मावशी लिहिते. इथल्या चर्चमध्ये कुणी विचारलं की तुम्ही सांगता, मला मूलबाळ नाही. "ते सांगताना इथे जे होतं ना," तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "तो उलाव."

परतीच्या बसमध्ये मी ते सगळं कार्डावर उतरवून काढलं. एक शब्द गाळला नाही. टेप बंद होती, हात बंद नव्हता.

पुढच्या महिन्यात सेमिनारमध्ये मी ते कार्ड वाचलं. तुमचं नाव घेतलं नाही, पण मेसमध्ये काम करणारी, सेबूची, एवढं सांगितलंच. प्रोफेसर म्हणाले, शब्दाचा अर्थ असा मिळवायचा असतो. मला त्या वेळी उलाव नाही, अभिमान वाटला. मागच्या बाकावर एक फिलिपिनो विद्यार्थी बसला होता. तुमच्याच चर्चला जाणारा. मला ते ठाऊक होतं.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही दार उघडलं नाहीत. आत रेडिओ चालू होता. मेसमध्येही तुम्ही वाढण्याचं सोडून मागे भांड्यांकडे काम मागून घेतलंत, म्हणजे कुणाच्या समोर यायला नको.

एप्रिलमध्ये बसस्टॉपवर तुम्ही अचानक समोर दिसलात. मला पळून जावंसं वाटलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "शब्द तुला दिला होता, इंदाय," एवढंच म्हणालात. "मुलगी दिली नव्हती." मी घाईघाईनं सांगितलं की प्रबंधातून ते वाक्य मी काढून टाकलंय, तुमच्यासाठी काढलंय. तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरलात आणि 'सालामात' म्हणालात, म्हणजे आभार. तुमची बस आली. त्यानंतर मी पदवी घेऊन कॅलिफोर्नियाला गेले, आणि तुम्ही गेल्याचं मला तीन वर्षांनी मेसमधल्या तुमच्या मैत्रिणीकडून कळलं.

तुमच्या मुलीचा पत्ता त्या मैत्रिणीनं मला दिला होता. हे पत्र तिला पाठवता येईल, पण तुमची गोष्ट पुन्हा एकदा तुम्हाला न विचारता कुणाला तरी दिल्यासारखं होईल. म्हणून हे माझ्याच कपाटात राहणार.

एकच गोष्ट सांगायची होती. ते वाक्य मी काढलं नव्हतं. उदाहरण फार लांबलंय म्हणून प्रोफेसरांनी त्यावर काट मारली होती, आणि ते राहू द्या म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले होते.