साहेबाच्या टेबलावर

बाबा, काल इथे आखातात, दस्मानजवळच्या त्या बंगल्यात जाऊन आले. ज्याच्या स्वयंपाकघरात तुमच्या तरुणपणाची वर्षं गेली, तिथे आता संग्रहालय आहे, आणि काल तुमच्या इंग्रज साहेबाचा सोहळा होता. म्हणजे खरं तर त्याच्या रक्ताचा. त्याची आजी रत्नागिरीकडची होती, हे सगळ्यांना एकदम आठवलं आहे. भाषणांमधून साहेब अर्धा आपलाच होऊन गेला. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, ही आजी इतकी वर्षं कुठे होती? आणि नेमकी आताच का सापडली?

कुठे होती ते तुम्हीच सांगितलं होतंत. तिचा नऊवारीतला फोटो साहेबाच्या खोलीत असायचा आणि पाहुणे येणार असले की कपाटात जायचा. तो ठेवायचं काम तुमचं. आता तोच फोटो मोठा करून दर्शनी भिंतीवर लावलाय. खाली साहेबाचं नाव आहे, तिचं नाही.

कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई पुण्याच्या. "ताई, तुमचे बाबा म्हणजे आजचे खरे मानकरी हो!" असं म्हणत त्या मला एका फलकापुढे घेऊन गेल्या. त्यावर लिहिलंय की साहेब आपल्या कोकणी स्वयंपाक्यासोबत एकाच टेबलावर बसून हाताने मासे-भात खात असे. "काही चुकलं असेल तर सांगा, उद्या दुपारी पुस्तिका छापायला जातेय."

मला गावचं स्वयंपाकघर दिसतं. मी नऊ-दहा वर्षांची, मैत्रिणीला ऐटीत सांगतेय की माझे बाबा साहेबासोबत जेवायचे. तुम्ही पापलेट साफ करताय. हात न थांबवता म्हणता, "मी त्याच्यावांगडा जेवलंय नाय. मी वाढलंय. तो हातान खाय, पण दार लावन." मैत्रीण गेली तरी तुम्ही माझ्याकडे पाहत नाही.

काल लेकीने मला त्या फलकाशेजारी उभं केलं. "आई, स्माइल! आजोबा इज फेमस!" मी हसले. बाईंना म्हटलं, "छान झालंय."

हवल्लीच्या लॅबमध्ये काम करताना मी दुसऱ्याने तपासलेला रिपोर्टही पुन्हा बघितल्याशिवाय सोडत नाही. काल प्रत्येक वक्त्याचा मला संशय आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचाही. पण फलकावरचं ते वाक्य त्यांच्यापैकी कुणी रचलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बाईंचा फोन आला होता, तेव्हा मीच ते सांगितलं. का सांगितलं, हे रात्रभर स्वतःला विचारतेय. कदाचित त्या घरात तुम्हाला एकदा तरी खुर्चीवर बसलेलं बघायचं होतं.

आता सकाळचे साडेअकरा झालेत, दुपारी पुस्तिका छापायला जाईल. बाईंना चार ओळी लिहायच्या म्हणून बसले होते. त्यांना लिहिलं तर ते पोचेल, तुम्हाला लिहिलेलं आता कुठेच पोचणार नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.